औषध लागलं

पाटण तालुक्यात एखादा गडी सोयाबीनवर फवारणी करून दुपारी घरी येतो, पाठीवरचा पंप सोप्यात उतरवतो आणि भिंतीला टेकून म्हणतो, “आज जरा औषध लागलंया.” डोकं गरगरत असतं, मळमळत असतं, तोंडाला पाणी सुटत असतं. घरातली म्हातारी ताक आणून देते, कुणी लिंबू पिळतं. तो तास-दोन तास पडून राहतो. तिन्हीसांजेला बरं वाटलं की उठून गुरांना वैरण टाकतो आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या तुकड्यावर पुन्हा पंप मारायला जातो. या दुखण्याची नोंद ना दवाखान्यात होते, ना तलाठ्याकडं, ना घरात.

हा शब्द मला फार दिवस टोचतो आहे. किडीला मारायला जे आणतो त्याला आपण औषध म्हणतो, आणि लेकराच्या तापावर जे आणतो त्यालाही औषधच. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर उभ्या असलेल्या बाटलीला आपण कधी विष म्हणत नाही. एखाद्यानं ‘औषध घेतलं’ अशी बातमी आली की मात्र कुठलं औषध हे कुणी विचारत नाही. गावाला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. फवारणीच्या दिवशी तेवढा पहिला अर्थ पुढं होतो आणि दुसरा मागं राहतो. त्यात ‘लागलं’ हे क्रियापदही मवाळ आहे. ऊन लागतं, ठेच लागते, वारा लागतो. जे लागतं ते आपसूक उतरतं, असा आपला समज. हे ‘लागणं’ शरीराच्या आत नेमकं काय असतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

उसाला पाणी पाजताना दारं धरणारा गडी काय करतो ते आठवा. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून ते दार बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. शरीरात मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत असाच पोचतो. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूला किंवा ग्रंथीला जाऊन भिडतं, आणि स्नायू आखडतो किंवा ग्रंथीतून लाळ, घाम, पाणी सुटतं. काम झालं की ते रसायन तिथल्या तिथं मोडून टाकणारं एक विकर असतं, त्याचं नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. दार बंद करणारा गडी तो हा. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही सगळी ऑर्गेनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं नेमकी या गड्याला धरतात. मग दारं उघडीच राहतात आणि पाणी सगळ्या रानात माजतं.

आता लक्षणं बघा, म्हणजे ती पाठ करायची गरज उरत नाही. ग्रंथींची दारं उघडी राहिली म्हणून डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम. आतड्यांची उघडी राहिली म्हणून पोटात कळा, उलटी, जुलाब. फुप्फुसातल्या नळ्यांत पाणी साचतं आणि त्या आवळतात, म्हणून छाती भरते आणि श्वासाला घरघर लागते. डोळ्याची बाहुली आखडून टाचणीच्या टोकाएवढी होते, म्हणून नजर धूसर होते. स्नायूंना निरोपामागून निरोप जात राहतात, म्हणून दंडावर, पापणीवर, मांडीवर मांस फडफडताना दिसतं, आणि शेवटी ते स्नायू थकून लुळे पडतात. श्वासाचे स्नायूही त्यातच आले. मृत्यू होतो तो बहुतेक वेळा श्वास बंद पडून. किडा याच रस्त्यानं मरतो. माणसाची आणि मावा-तुडतुड्याची ही यंत्रणा एकाच जातीची आहे, फरक आहे तो आकाराचा आणि मात्रेचा.

या गटाचा जन्म जर्मनीतला. 1930 च्या दशकात गेरहार्ड श्रेडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडींवरची नवी द्रव्यं शोधत होता आणि 1936 साली त्याच्या हाती जे लागलं ते माणसालाच इतकं घातक होतं की लष्करानं ते उचललं. ताबून हा विषारी वायू तो. सरीन त्याचाच भाऊ. त्यांच्या कमी तीव्र भावंडांना पुढं शेतात जागा मिळाली. ‘फॉलिडॉल’ हे नाव जुन्या लोकांना आठवत असेल, ते पॅराथिऑन याच घराण्यातलं. 1958 साली केरळात या पॅराथिऑननं शंभरावर माणसं गेली. ते फवारताना नव्हे, तर जहाजात त्याच्याजवळ ठेवलेल्या गव्हाच्या पदार्थांवर ते सांडलं आणि तो माल खाण्यात आला म्हणून. त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढं 1968 चा कीटकनाशक कायदा आला. आपल्या देशातला हा कायदा मुळात माणसं मेली म्हणून झाला आहे, पिकं वाचावीत म्हणून नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवं.

या विषबाधेच्या वैद्यकशास्त्रात पुण्याचं मोठं काम आहे आणि ते आपल्या लोकांना फारसं माहीत नाही. ससून रुग्णालयात डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विषबाधेच्या ओळीनं 200 रुग्णांचं निरीक्षण केलं आणि ते 1974 साली प्रसिद्ध केलं. त्यांच्या ध्यानात आलं की लक्षणांचे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला आल्या आल्या दिसतो आणि ॲट्रोपीनच्या इंजेक्शनला दाद देतो. दुसरा नंतर उगवतो. रुग्ण सावरला असं वाटत असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला मान उचलता येईना, खांद्याचे आणि मांडीचे स्नायू ढिले पडले, श्वास उथळ झाला, आणि त्यावर ॲट्रोपीनचा काही उपयोग होईना. 1987 साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी या मधल्या टप्प्याला स्वतंत्र नाव दिलं, आणि तेव्हापासून तो जगभरच्या पुस्तकांत आहे. आपल्या गावांसाठी याचा अर्थ साधा आणि महत्त्वाचा आहे. ‘आता बरं वाटतंय, घरी नेतो’ असं म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णाला उठवून आणू नये. श्वासाचा धोका चार दिवसांपर्यंत असतो. रुग्णाला उताणं झोपवून मान उचलायला सांगायची. ती उचलता येत नसेल तर संकट अजून टळलेलं नाही.

आणखी एक बारकावा वेळेचा आहे. विष विकराला चिकटल्यावर काही काळ ती मिठी सैल करता येते, त्यासाठी प्रालिडॉक्झिम, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ‘पाम’, देतात. वेळ गेला की मिठी पक्की होते आणि मग ते विकर कायमचं गेलं. शरीर नवं तयार करील तेव्हाच भरपाई. रक्तपेशींतल्या विकराची भरपाई व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. या वाक्यावर थोडं थांबायला हवं. आज थोडं ‘लागलं’, संध्याकाळी बरं वाटलं, तरी आतली शिल्लक खाली आलेलीच असते. आठ दिवसांनी पुन्हा फवारणी, पुन्हा थोडी खाली. लक्षणं दिसतात ती शिल्लक बरीच उतरल्यावर, साधारण निम्म्याच्या खाली गेल्यावर. म्हणून आमच्याकडं नेहमी ऐकू येतं ते कोडं सुटतं, “इतकी वर्सं हेच औषध मारतोय, कधी काय झालं न्हाई, आजच कसं झालं?” ते आजच झालेलं नसतं.

विष शरीरात शिरतं कुठून? विचारलं तर दहातले नऊ जण नाकाकडं बोट दाखवतील. तोंडाला उपरणं गुंडाळलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. शेतातल्या फवारणीत मुख्य दरवाजा कातडीचा आहे. अमेरिकेत मायबाक आणि फेल्डमन या संशोधकांनी माणसाच्या अंगावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन लावून किती आत शिरतं ते मोजलं होतं. हाताच्या कोपरापुढच्या भागात जितकं शिरतं त्याच्या चौपट कपाळातून आणि जवळजवळ बारा पट जांघेतल्या अंडकोशाच्या कातडीतून शिरतं. आता पाठीवरचा पंप डोळ्यांपुढं आणा. टोपणाची रबरी चकती झिजलेली, टाकीला बारीक चीर. औषधाचं पाणी पाठीवरून कमरेवर, कमरेवरून चड्डीत झिरपतं. दिवसभर ते ओलं कापड अंगाला घासत राहतं, वरून घाम. नाकावरचं उपरणं जागच्या जागी आणि विष तिकडून बारा पट वेगानं आत. नोजल तुंबलं की तोंडानं फुंकून मोकळं करायची सवय आणि त्याच हातानं तंबाखू मळायची सवय, या त्यावरच्या कड्या.

खरा मोठा धोका मात्र फवारताना नसून औषध मिसळताना आहे. पंपातलं पाणी पातळ असतं, बाटलीतला द्रव शेकडो पट तीव्र. टोपणानं मोजायचं, काडीनं ढवळायचं, हात तसाच पाण्यात बुडवायचा. मिसळण्याची ती पाच मिनिटं रबरी हातमोज्यांची असतात. अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून भादव्याच्या उन्हात काम करणं कुणालाच शक्य नाही, आणि तो घातला नाही म्हणून शेतकऱ्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. हातमोजे, लांब बाह्यांचा जुना सदरा, गळका नसलेला पंप, सोबत साबण आणि घागरभर स्वच्छ पाणी, एवढं मात्र कुठल्याही वाडीत होऊ शकतं.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये काय झालं ते महाराष्ट्रानं पाहिलं. जुलै ते ऑक्टोबर या काळात कापसावर फवारणी करणारे आठशेहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात आले, वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. फवारा वर मारायचा म्हणजे तो तोंडावर, छातीवरच परत येणार. हाती नव्या प्रकारचे, बारीक थेंब उडवणारे पंप होते. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, आणि त्यांत सगळीच ऑर्गेनोफॉस्फरस नव्हती. डायफेन्थियुरॉनसारख्या द्रव्याला उतारा असा नाहीच, फक्त लक्षणांवर उपचार. मिश्रण मारलेल्या माणसाला काय द्यायचं हे डॉक्टरांना तरी कसं कळणार? कोलिनेस्टरेज मोजण्याची सोयसुद्धा तिथल्या सरकारी रुग्णालयात तेव्हा नव्हती. स्वित्झर्लंडनं 2021 च्या सुरुवातीपासून डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस यांच्या निर्यातीवर बंदी घातली. मोनोक्रोटोफॉसवर आपल्याकडं 2005 साली भाजीपाल्यापुरती मनाई होती. ते बाजारातून काढण्याचा केंद्राचा आदेश निघाला तो 2023 साली.

यवतमाळ आपल्यापासून लांब आहे आणि पाटणला कापूस नाही, म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये. कृष्णेच्या खोऱ्यात उतरलं की कराडच्या पुढं पलूस, तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ हा द्राक्षपट्टा लागतो. कापसावर हंगामात जितक्या फवारण्या होतात त्याच्या कितीतरी पट द्राक्षावर होतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी आणि भुरीच्या भीतीनं, ढगाळ हवेत तर दिवसाआडसुद्धा. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्यांचं रक्त तपासून 2003 साली निष्कर्ष मांडले होते. फवारणी न करणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा या लोकांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज कमी आणि यकृतावरचा ताण दाखवणारी विकरं वाढलेली आढळली. ही माणसं दवाखान्यात भरती झालेली नव्हती. ती रोज कामावर जाणारी माणसं होती.

द्राक्षातली आणखी एक गोष्ट फार थोड्यांना समजावून सांगितली जाते. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याला बागेत ‘पेस्टिंग’ म्हणतात. हे द्रव्य कातडीला भाजतंच, शिवाय दारू पचवणाऱ्या विकराला अडवतं. पेस्टिंग केलेल्या माणसानं त्या रात्री किंवा पुढच्या काही दिवसांत घोटभर जरी दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. व्यसन सोडवायच्या गोळीचा परिणाम असतो तोच हा. टोळीतला मजूर दमून संध्याकाळी पितो, मग कोसळतो, आणि सगळे म्हणतात दारू चढली. त्याच्या अंगावर दिवसभर काय होतं ते कुणाच्या मनातही येत नाही.

2010 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश सापडला. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात, ते वेलीची वाढ रोखायला वापरतात. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, शेतकऱ्यांचं प्रचंड नुकसान झालं. त्यानंतर निर्यातीची साखळी आणखी कडक झाली. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते, काढणीआधी घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि कुठल्या प्लॉटचा माल ते पेटीवरून कळतं. हे काम मोठं आहे आणि ते आपल्याच लोकांनी उभं केलं आहे. पण ज्यानं त्याच घडांवर हंगामभर ब्लोअर चालवला त्याच्या अंगातला अंश कुणी मोजत नाही. परदेशात कुणाच्या तरी ताटात पोचणारा मिलिग्रॅमचा विसावा भाग आपण पकडू शकतो, तर बागेतल्या माणसाच्या रक्तातली घसरणही पकडू शकतो. ती तपासणी द्राक्षाच्या तपासणीपेक्षा सोपी आहे.

पाटणची गोष्ट आणखी निराळी. कोयना, केरा, मोरणा, तारळी, वांग या नद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेला हा डोंगरी तालुका. इथला पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला, आधी गिरणीत, गोदीत, मग माथाडीत. शेती राहिली ती बायकांवर. त्यामुळं विषबाधेचं चित्र डोळ्यांपुढं आणताना आपण जो पंपवाला गडी बघतो, तो पाटणात अर्धाच दिसतो. पंप दादा मारतो, पण ओढ्यावरून पाणी आणून देते ती वैनी. फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी ओल्या पानांत वाकून खुरपते ती तीच. आणि संध्याकाळी तो औषधाचा सदरा घरच्या सगळ्या कपड्यांबरोबर धुते तीही तीच, उघड्या हातांनी, अंगावर पिणारं लेकरू बाजूला ठेवून. तिला चक्कर येते तेव्हा तिला विचारलं जातं, उपास होता का, पाळी आलीय का, रक्त कमी आहे का. फवारणी कधी झाली हे कुणी विचारत नाही. विचारायला पाहिजे. ग्रामीण रुग्णालयातल्या केसपेपरवर जून ते ऑक्टोबर हा एक प्रश्न छापलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

उसात आणि सोयाबीनमध्ये खुरपणीला माणूस मिळेना म्हणून तणनाशक आलं. ते कीटकनाशकाइतकं झटकन बाधत नाही, म्हणून त्याची भीती कमी. यात एक भयंकर अपवाद पॅराक्वॅटचा. पोटात गेलेला त्याचा एखादा घोटसुद्धा फुप्फुसं हळूहळू दगडासारखी करतो आणि त्याला उतारा नाही. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. इतर नियामक संस्थांचं मत त्याहून सौम्य आहे आणि वाद चालू आहे. मी स्वतः या वादात घाबरवण्याच्या बाजूला नाही. पण घरामागच्या परड्यात, जिथं मिरच्या-कोथिंबीर लावली आहे आणि पोरं अनवाणी खेळतात, तिथं गवत मारायला ते फवारणं थांबवलं पाहिजे.

मंद परिणामांबद्दल बोलताना फार जपून बोलावं लागतं. एखाद्या गावात कर्करोगाचे चार रुग्ण निघाले की बोट औषधाकडं जातं, पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं माणसं मोजली त्यांचं ऐकावं. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना इथं 1993 पासून हजारो शेतकरी कुटुंबांचा मागोवा चालू आहे, आणि पॅराक्वॅटसारखी काही द्रव्यं आणि कंपवात यांचा संबंध तिथं दिसला आहे. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजूर गरोदर बायकांच्या लघवीतला ऑर्गेनोफॉस्फरसचा अंश मोजला आणि त्यांची मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. सगळ्यांत जास्त अंश असलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सगळ्यांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी निघाला. हे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण चालू असताना ॲसिटिलकोलिन निरोप्याच्या कामाखेरीज पेशी कुठं वाढाव्यात याचीही दिशा देत असतं. तिथली गडबड आईला कसलीही चक्कर न येता होऊ शकते.

मला मात्र सगळ्यांत जास्त आठवतो तो मेक्सिकोतला छोटासा अभ्यास. तिथं याकी जमातीचे लोक एकाच रक्ताचे, एकाच चालीरीतीचे. काही खाली खोऱ्यात सिंचनाची, भरपूर फवारणीची शेती करतात, काही वर डोंगरपायथ्याला राहतात, जिथं औषध जवळजवळ नाही. एलिझाबेथ गिलेट यांनी दोन्हीकडच्या चार-पाच वर्षांच्या मुलांना माणसाचं चित्र काढायला सांगितलं. डोंगरपायथ्याच्या मुलांनी डोकं, डोळे, हात, पाय असलेली माणसं काढली. खोऱ्यातल्या अनेक मुलांच्या कागदावर नुसत्या गिरगट्या होत्या. चेंडू झेलणं, ऐकलेलं अर्ध्या तासानं सांगणं यातही ती मागं होती. मुलं पन्नासच होती आणि अभ्यास 1998 चा, त्यामुळं त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण खालचं बागायती खोरं आणि वरचा डोंगर हा नकाशा आपलाच आहे. फरक इतकाच की आता मृगापाठोपाठ औषधाची बाटली डोंगरावरच्या वाडीतही पोचते.

वरच्या वाड्यांना पाणी मिळतं ते झऱ्याचं आणि ओढ्याचं. पंप धुतला जातो त्याच ओढ्यात. पाण्यात आधी खेकडे मरतात, कारण पायरेथ्रॉइड गटातली औषधं किड्यांइतकीच खेकड्या-झिंग्यांनाही मारतात. माणसाला ती तुलनेनं कमी बाधतात, तोंडाला आग होते, मुंग्या येतात आणि जातात. म्हणून ‘हे वासाचं नाही, साधं आहे’ असं म्हणून ती ओढ्याकाठी बिनधास्त वापरली जातात. काठावर मेलेले खेकडे दिसले तर त्या दिवशी गुरांना तिथं पाणी पाजू नये आणि वर कुठं पंप धुतला गेला ते शोधावं.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दलही एक गैरसमज आहे. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हा क्रम एका वेळी शरीरात गेलेल्या मात्रेवर ठरतो. रोज थोडं थोडं कातडीतून गेलं तर वीस वर्षांत काय होईल, हे तो त्रिकोण सांगत नाही. हिरवा म्हणजे बिनविषारी असाही त्याचा अर्थ नाही.

कुणाला ‘लागलं’ तर करायचं काय? शेतातून सावलीत न्यायचं, कपडे सगळे उतरवायचे, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग, केस, नखं धुवायची. धुणाऱ्यानं आपल्या हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या. उलटी मुद्दाम काढायची नाही. दूध, तूप, ताक पाजत बसायचं नाही, कारण शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं आणि वेळही जातो. डाव्या कुशीवर झोपवायचं, 108 ला फोन करायचा आणि बाटली किंवा डबा सोबत न्यायचा. डॉक्टरांना उपचाराची दिशा त्या बाटलीवरच्या नावातून मिळते. दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही बाटल्या. पाटणहून कराडला पोचायला लागणारा तास या सगळ्यात मोलाचा असतो.

श्रीलंकेनं 1995 साली मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, 1998 साली एंडोसल्फान बंद केलं. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि भाताचं उत्पादन काही घसरलं नाही. लोकांना समजावून जे झालं नसतं ते फळीवरून बाटली हटवून झालं. कामगंध सापळे, चिकट पत्रे, निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा हे सगळं आपल्याकडच्या शेतकऱ्याला माहीत आहे. तो ते वापरतोही. पण कीड दिसली की सल्ला मिळतो तो दुकानाच्या काउंटरवर, आणि तिथं सल्ला देणाराच औषध विकणारा असतो. कृषी सहायकाच्या वाट्याला इतकी गावं असतात की तो वाडीवर येईपर्यंत फवारणी उरकलेली असते.

रक्ताच्या तपासणीचं तर आपल्या नियमांतच आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांत ऑर्गेनोफॉस्फरस आणि कार्बामेट हाताळणाऱ्या कामगारांचं कोलिनेस्टरेज दर महिन्याला तपासावं असं लिहिलेलं आहे. ते कारखान्यातल्या, व्यवसायानं फवारणी करणाऱ्या कामगारासाठी. स्वतःच्या अर्ध्या एकरात पंप मारणारा शेतकरी कुणाचा कामगार नाही, म्हणून तो त्या ओळीत बसत नाही, आणि रोजंदारीचा मजूर तर कुणाच्याच वहीत नाही. कॅलिफोर्नियात 1974 पासून अशी देखरेख शेतातल्या कामगारांवर आहे. हंगामाआधी प्रत्येकाची स्वतःची पातळी मोजून ठेवतात. रक्तपेशींतलं विकर त्या पातळीच्या सत्तर टक्क्यांवर आलं की माणसाला फवारणीवरून काढतात आणि ऐंशी टक्क्यांवर परत गेल्याशिवाय पुन्हा घेत नाहीत. स्वतःची पातळी आधी मोजणं यात सगळं आहे, कारण ती माणसागणिक खूप वेगळी असते. एकाची नेहमीची पातळी दुसऱ्याच्या विषबाधेएवढी असू शकते. आधीचा आकडा नसेल तर ‘नॉर्मल’ असं छापलेला रिपोर्ट हाती येतो आणि आत निम्मी शिल्लक गेलेली असते.

पंचायतीनं गावातल्या पंप मारणाऱ्यांची आणि त्यांना पाणी पुरवणाऱ्या बायकांची यादी केली तर एका वाडीत ती वीस-पंचवीस नावांच्या वर जाणार नाही. त्यांचं रक्त तासगावला ऑक्टोबर छाटणीआधी, सप्टेंबरात घ्यावं लागेल. पाटणला ते मृगाच्या आधी, बियाणं घरात येतं त्या आठवड्यात.